छोटी कॅलरी, मोठी कॅलरी

२ जानेवारी

मिलमधून निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, आणि मी स्वतःहून एक कोरं लॉगबुक मागून घेतलं. तीन वर्षं आलमारीत पडून होतं, आज उघडलं. रकाने छापलेले आहेत: वेळ, दाब, तापमान, शेरा. 'दाब' खोडून 'वजन' लिहिलं. शाळेत शुद्ध लिहायला शिकवलं म्हणून शुद्ध लिहितो. बोलताना नाही जमत.

विमलाच्या आतड्यात गाठ आहे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, निघते, घाबरू नका. पण बाईंचं वजन छत्तीस किलो चारशे ग्रॅम, एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. दहा फेब्रुवारीला अडतीस करून आणा. त्याच्या पुढे थांबता येणार नाही, गाठ वाढेल.

म्हणजे एकोणचाळीस दिवसांत सोळाशे ग्रॅम.

आमच्याकडे धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, चाळीस किलोचा असतो. तरुणपणी असे दोन-दोन पाठीवर घेतले आहेत. माझी बायको एका कट्ट्याहून हलकी झाली आणि मला पत्ता नाही, हे लिहून ठेवतो.

पण मी एकतीस वर्षं उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या, राईस मिलचा बॉयलर चालवला आहे. परीक्षा पास झालेला, सर्टिफिकेटवाला. धान उकडायला एक दिवस वाफ कमी पडू दिली नाही. सोळाशे ग्रॅम काय चीज आहे!

३ जानेवारी

दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडमनी दिलेला कागद आज नीट वाचला. 'दिवसाला १८०० कॅलरी. सूप, पेज, मऊ खिचडी, थोडं थोडं.' कॅलरी शब्द पाहिला आणि उठून बसलो. अरे, हा तर आपला विषय! एक ग्रॅम पाणी एक अंश तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. बॉयलरच्या तोंडी परीक्षेत हेच विचारलं होतं, मी घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

हिशोब मांडला. एक वाटी सूप २०० ग्रॅम. ७५ अंशांवर द्यायचं. शरीर ३७ वर. फरक ३८. दोनशे गुणिले अडतीस बरोबर सात हजार सहाशे कॅलरी.

बाप्पा! एका वाटीत चार दिवसांचं काम!

दोनदा गुणाकार तपासला, बरोबर आहे. लोक उगाच भात ढकलत बसतात. भात तिला जड पडतो, मळमळ होते. बंदच करतो. सूप द्यायचं, गाळून द्यायचं, आणि कडक गरम द्यायचं.

विमलाला समजावून सांगितलं. म्हणे, "तुमी म्हणता तं असंल."

४ जानेवारी

सूप बनवता कोणाला येते? शेजारच्या सत्यभामाबाईंना विचारलं, "वहिनी, तुमच्याकडं सूप जमते का?" त्या आत गेल्या आणि धान पाखडायचं सूप घेऊन आल्या. म्हणे, "न्या, पण कोपरा उसवला हाय."

विमला खाटेवर पडल्या-पडल्या हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग मुलीला फोन केला. तृप्ती नागपूरला शाळेत विज्ञान शिकवते. तिनं दुधी, टमाटर, गाजर, मिरे सांगितले. हिशोबाचं तिला सांगितलं नाही, संक्रांतीला येईल तेव्हा वजन दाखवूनच चकित करू.

मिलच्या हौदाचं जुनं थर्मामीटर माझ्याजवळ होतंच. पहिली वाटी ७५ अंश. पण ही बाई फुंकत बसली! फुंकून फुंकून चाळीसवर आणली. म्हणजे सात हजार सहाशेची झाली फक्त सहाशे. बाकी गेली हवेत. मध्येच विचारते, "तुमी जेवले का?" म्हटलं, "माझं सोड, तू पी."

६ जानेवारी

घड्याळ लावून बसलो. तीन मिनिटांत वाटी संपवायची असा नियम केला. तिनं संपवली. संध्याकाळी पाहिलं तर जीभ भाजलेली, लाल. मी विचारलं तेव्हा म्हणे, "काही नाई, होते बरी."

मला वाईट वाटलं. ७५ चं ६८ केलं. तेवढ्यात सहा हजार दोनशे मिळतात, काही बिघडत नाही.

शेरा: वाटी हातात घेतली की पहिला प्रश्न "तुमी जेवले का?" दिवसातून पाच वेळा. आजारपणात माणूस तेच तेच बोलतो.

९ जानेवारी

वजन ३५.९. कमी झालं. उपकेंद्रातल्या काट्यावर तीनदा उभं केलं. तिथल्या उषाबाई सिस्टर म्हणाल्या, "काका, काटा बरोबर हाय."

मग गळती आहे. वाफ बरोबर आणि काम कमी, म्हणजे रस्त्यात उष्णता सांडते. चुलीपासून खाटेपर्यंत, वाटीपासून ओठापर्यंत. मिलमध्ये पाइपांना वेष्टण असते, तसं करतो. लाकडी खोका घेतला, मध्ये भगोनं बसेल एवढी जागा ठेवली, भोवती तणस भरायला लागलो. धानाचं तणस, म्हणजे पेंढा, आमच्याकडे काय कमी आहे!

विमला खाटेवरून पाहत होती. म्हणे, "वलं नका भरू. अगुदर उन्हात टाका. मंग हातानं चोळा, नरम होते. आन ठासू नका, जरा हवा राहू द्या."

तसं केलं. एका तासानं मोजलं, ७१ अंश! बायकांना कुठून सुचते कोण जाणे.

यावरून आठवलं. नोकरीत मला थंड डबा कधी खावा लागला नाही. सकाळी सहाला नेलेला डबा साडेदहाला उघडला की वाफ निघे. लग्नात आलेला डबा होता, चांगल्या कंपनीचा. आताच्या डब्यांत तसा दम नाही. विमलाला हे म्हटलं, तर तोंडावर पदर घेतला. खोकला असेल.

१२ जानेवारी

तणसाचा खोका गजब चालतो. दिवसात सहा वाट्या, एकही साठच्या खाली नाही. हिशोबानं तिच्या पोटात रोज तीस हजारांवर कॅलरी जाऊन राहिली. बाई मात्र उठताना भिंत धरते. डॉक्टरांना विचारायचं आहे की गरमी जास्त तर होत नाही?

१४ जानेवारी, संक्रांत

कसं लिहू?

तृप्ती सकाळी आली. आईला पाहिलं. मग स्वयंपाकघरात आली. "बाबा, आईचा भात काहून बंद केला?"

मी रुबाबात लॉगबुक दिलं. "वाच. एका वाटीत सात हजार सहाशे."

तिनं वाचलं. परत वाचलं. खाली बसली. "बाबा, ही छोटी कॅलरी आहे."

"कॅलरी छोटी-मोठी असते का?"

"असते. खाण्यापिण्याची कॅलरी मोठी. एक मोठी म्हणजे हजार छोट्या. कागदावर नुसतं कॅलरी लिहितात, पण ती मोठी असते. तुमचे सात हजार सहाशे म्हणजे साडेसात."

"साडेसात हजार?"

"साडेसात, बाबा. दोन शेंगदाणे."

मी म्हटलं, "भाजी पण तर आहे त्याच्यात." म्हणे, "गाळून देता ना तुम्ही? वीस-पंचवीस धरा." मग ताटातला तिळाचा लाडू उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. "हा पन्नासचा आहे. तुमच्या सात वाट्यांची गरमी ह्या एका लाडूत आहे. आणि हा थंडा आहे."

विमला तिकडून ओरडली, "काहून बोलून राहिली वं त्याईले? त्याईनं माह्यासाठी किती मेहनत केली!"

वजन ३५.६.

१५ जानेवारी

अकरा दिवस मी तिला गरम पाणी पाजलं. तेही जीभ भाजून. आणि तिच्या तोंडचा भात काढून घेतला. मी, सर्टिफिकेटवाला.

काल दिवसभर घराबाहेर बसलो. आत जायला तोंड नव्हतं. विमलानं सत्यभामाबाईंकडून दोनदा निरोप पाठवला. निरोप एकच: जेवून घ्या म्हणावं.

१६ जानेवारी

रडून वजन वाढत नाही. तृप्ती कालच्या एस.टी.नं गेली, जाताना तक्ता करून दिला. मोठ्या कॅलरीचा. तो लॉगबुकात डकवला आहे.

तांदळाची घट्ट पेज, त्यात मुगाची डाळ शिजवून घोटलेली. वरून दोन चमचे तूप. शिंगाड्याच्या पिठाची दुधातली लापशी. शेंगदाण्याचा कूट. केळं. तीळगूळ. वाटी अर्धी, पण दिवसातून सात वेळा. भोजन आता मी बनवतो. शिंगाड्याचं पीठ पहिल्यांदा गाठी-गाठीचं झालं, दुसऱ्यांदा करपलं, तिसऱ्यांदा जमलं.

उरले पंचवीस दिवस आणि चोवीसशे ग्रॅम. रोजचे शंभर ग्रॅम झाले. चला.

तणसाचा खोका ठेवला आहे. ऊर्जा नसली तरी गरम अन्न गरमच बरं. बॉयलरवाल्याच्या घरात थंड पेज शोभत नाही.

१९ जानेवारी

वजन ३५.८. चढतं आहे, पण मुंगीच्या चालीनं. कारण ही बाई अर्धी वाटीही पूर्ण खात नाही! बरोबर साठ अंशांवर समोर ठेवतो. घेते, पाहते, ढवळते, "तुमी जेवले का?" विचारते, तीन चमचे खाते, ठेवून देते. मी परत गरम करून आणतो. परत तीन चमचे.

आज माझा पारा चढला. म्हटलं, "माझ्या जेवणाचं काय लावलं आहे? ऑपरेशन माझं आहे का? तुले जगायचं नाही का?"

तिनं डोळ्यांना पदर लावला. मी वाटी आपटली, लापशी सांडली, मीच पुसली. तिच्यावर चिडलो नव्हतो. भ्यालो होतो. हे तिला सांगितलं नाही, इथे लिहितो.

२१ जानेवारी

सकाळी जागेश्वरचा फोन. माझ्या जागेवर आता तोच बॉयलर पाहतो. "काका, पंप पानी घेऊन नाई राहिला, या ना जरा." जाऊ नये असं वाटत होतं. विमला म्हणे, "जा. पण जेवून जा." घाईत चार घास गिळले, तिची लापशी झाकून खाटेजवळ ठेवली, नऊला गेलो. झडप अडकली होती. परत यायला एक वाजला.

वाटी रिकामी. पुसल्यासारखी साफ. शेजारी पेजेचं भगोनं, तेही अर्धं संपलेलं. भगोन्यात थर्मामीटर घातलं: २३ अंश. वर साय धरलेली.

"हे कोणी खाल्लं?"

"मी. अजून कोन हाय घरात?"

"इतकं थंड?"

ती म्हणे, "मले थंडंच जाते, अवो. गरम तोंडात घेतलं का घास फिरते नुस्ता. सवय नाई ना."

"सवय नाही म्हणजे?"

"कवा खाल्लं मी गरम? पहिले मामाजी जेवत, मंग सासूबाई. तुमी दोनले मिलमधून येत. मंग तृप्ती शाळेतून. सगळ्याईचं झालं का मंग मी बसो, तवा चूल बी इझलेली राहे. आन तुमी जेवल्याबिगर माह्या घशाखाली घास नाई उतरत. इतक्या वर्साचं हाय ते, आता काय बदलते?"

हे तिनं रडून नाही सांगितलं. आज बाजारात वांगे काय भाव आहेत, तसं सांगितलं.

लग्नापासून अडतीस वर्षं मी त्याच घरात जेवलो आहे. धान किती अंशांवर भिजतं, किती मिनिटं वाफ घेतं, विचारा, झोपेत सांगेन. समोरच्या ताटानंतरचं ताट मी पाहिलंच नाही.

२२ जानेवारी

दहा तारखेला नागपूरला जाताना भगोनं न्यायला जुनी डब्याची पिशवी शोधली. विमलानं शिवलेली, जाड, निळी. एकतीस वर्षं सायकलच्या हँडलला लटकवली. कोपरा फाटला होता. बोट घातलं तर आतून तणस निघालं. चोळलेलं, नरम, दोन अस्तरांच्या मध्ये सारखं भरलेलं.

तिच्यासमोर नेऊन धरली. म्हटलं, "हे काय?"

म्हणे, "काय म्हंजे? तुमच्या कंपनीच्या डब्यानं गरम राहे का भात?" आणि हसायला लागली. "दरसाली नवं धान निघलं का जुनं तणस काढो, नवं भरो. तुमाले पत्ताच नाई!"

मी पण हसलो. मग गोठ्यात जाऊन बसलो थोडा वेळ.

२४ जानेवारी

नवा कायदा. लापशी-पेज करून परातीत पाणी घालून थंड करतो. पंचविसावर आली की तिच्याजवळ ठेवतो. मग मी तिच्यासमोर बसून जेवतो, ढेकर देतो, हात धुतो. मग ती खाते. तृप्तीला फोनवर विचारलं, थंड चालेल का? म्हणे, "बाबा, पोटात गेलं पाहिजे, अंश-बिंश सोडा."

मला दिवसातून सात वेळा जेवायला लागते, ती वेगळी भानगड.

२८ जानेवारी

वजन ३६.४. जिथून निघालो तिथं परत आलो. उषाबाईंनी काट्यावरच टाळी दिली. मला वाटलं नव्हतं की एका मागच्या आकड्याचा इतका आनंद होईल.

४ फेब्रुवारी

३७.३. आज ती उठून अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली. भिंत धरली नाही. माझं वजन पण दोन किलो वाढलं, शर्टचं बटन लागत नाही. विमला म्हणे, "ऑपरेशन तुमचंच करून घ्या."

१० फेब्रुवारी

सकाळी उपकेंद्राचा काटा ३८.१. नागपूरच्या डॉक्टरांचा काटा ३७.८.

मी म्हटलं, "साहेब, आमचा काटा बरोबर आहे, तुमचा चुकला." ते म्हणाले, "काका, दवाखान्याचाच धरायला लागते." मग मी लॉगबुक पुढे केलं. दोनशे ग्रॅमसाठी मी परत जाणार नव्हतो, वेळ पडली असती तर तिथेच दारात बसलो असतो. ते पानं उलटत गेले. तीन जानेवारीच्या पानावर थांबले. गुणाकार वाचला. हसले. मग पुढची पानं वाचताना हसले नाहीत. एकवीस तारखेचं पान त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं.

मग सिस्टरला म्हणाले, "भरती करून घ्या. परवा सकाळचं पहिलं ऑपरेशन."

१२ फेब्रुवारी

आठ वीसला आत नेलं. अकरा पन्नासला बाहेर आणलं. गाठ पूर्ण निघाली. डॉक्टर म्हणाले, "बाईंनी चांगली साथ दिली."

आत जाताना स्ट्रेचरवरून तिनं विचारलं तेच. मी म्हटलं, "हाव, जेवलो." खोटं बोललो. तृप्तीनं ऐकलं.

१७ फेब्रुवारी

आज डॉक्टरांनी पातळ पेज द्यायला सांगितली, पाच दिवसांतलं पहिलं अन्न. तृप्तीच्या घरी मीच शिजवली. तिला आवडते तशी थंड केली, पंचवीस अंश, आणि माझा वरण-भाताचा डबा गरम-गरम निळ्या पिशवीत. फाटलेला कोपरा मी शिवला आहे, टाके वाकडे आले.

वॉर्डात पोचलो. तिला उशाशी टेकवून बसवलं. वाटी हातात दिली. मी माझा डबा काढायला लागलो, म्हणजे आधी मी जेवीन, मग ती. तिनं एक चमचा तोंडात घेतला. मी जेवायच्या आधीच घेतला. तोंड वाकडं केलं आणि वाटी माझ्यासमोर धरली.

"थंडी हाय. जरा गरम करून आना ना."

मला आधी समजलंच नाही. अडतीस वर्षांत तिनं मला काही आणायला पाठवलं नव्हतं. पाणीही नाही. मी वाटी घेतली आणि कँटीनकडे धावत गेलो, चप्पल एकच पायात होती. कँटीनवाल्या बाईंना म्हटलं, "लवकर करा, माह्या बायकोनं मागतलं."

वेळ १.१०. तापमान ६२. तिनं फुंकर मारली, चमचा-चमचा करत सगळी खाल्ली. मी पिशवी हातात धरून उभाच होतो. तोंड पुसून मग म्हणाली, "तुमी जेवले का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग जेवून घ्या आता."

डबा उघडला. पिशवीबाहेर काढून ठेवला होता, तो तसाच राहिला. भात थंड झाला होता. बसलो आणि खाल्ला.